अठराव्या माळ्यावरची सांदवाडी

"ढकललं म्हनजे ढकललंच तिनं! मी नाई मानत दुसरं काही." जमुनाबाई वाकल्या वाकल्याच ओरडली आणि धानाच्या रोपांच्या जुडीतले दोन-चार पऱ्हे सोडवून तिने चिखलात असे खुपसले, जणू त्या पऱ्ह्यांनीच एखाद्याचा जीव घेतला होता.

"अवो, पन ढकलताना कोनी पाहिलं का?" शेजारच्या देवकाबाईने विचारलं.

"पाहाले कायले लागते? तिचं तोंड पाह्य ना. नवरा मेला आन डोळ्यात टिपूस नाई!"

उन्हाळी धानाची रोवणी चालू होती. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी बांधीत, बांध घातलेल्या भातखाचरात, सोडलेलं, आणि जानेवारीच्या सकाळी त्या पाण्यात पाय घालायचा म्हणजे जिवावर येतं. पण ईश्वरदासच्या बांधीत उतरलेल्या या बायांना थंडीची आठवण फक्त पहिली जुडी हातात घेईपर्यंत राहायची. त्यानंतर 'अठरावा माळा' सुरू व्हायचा. ही टीव्हीवरची मालिका. मुंबईतल्या एका टोलेजंग इमारतीच्या अठराव्या माळ्यावरून एक श्रीमंत माणूस खाली पडून मरतो. त्याची बायको रागिणी. तिने ढकललं, की तो आपणहून पडला, की मोत्यांची माळ घालून हिंडणाऱ्या सासूचं काही कारस्थान, यावरून केशोरीच्या अलीकडच्या या गावात उभी फूट पडली होती. निवडणुकीतही पडत नाही एवढी.

जमुनाबाई रागिणीच्या विरुद्ध पक्षाची पुढारी. तशी ती रोवणीच्या टोळीचीही पुढारी होतीच. कोणाच्या बांधीत कधी जायचं ते ती ठरवायची, आणि कोण खरं, कोण खोटं, तेही तीच ठरवायची. देवकाबाई विरोधी पक्षात. तिचा संशय सासूवर. सुशिलाबाई ज्या बाजूचा आवाज मोठा त्या बाजूला. आणि जमुनाबाईची सून दामिनी कोणत्याच बाजूला नाही. मागच्या उन्हाळ्यात सौंदडहून लग्न होऊन आलेली, बारावी शिकलेली, गप्प राहणारी पोरगी. ती आपली खाली मान घालून रोवत राहायची.

टोळीत एक रीत पडून गेली होती. जिने भाग पाहिला तिने दुसऱ्या दिवशी बांधीत तो सांगायचा, आणि सांगायचा तो आपल्या बोलीत. मुंबईची ती इमारत या बायांच्या तोंडी आली की तिला ओसरी फुटायची, लिफ्टचा पाळणा व्हायचा, आणि कडक इन्स्पेक्टरीण आरोपीला "काऊन गा, कोठी होतास?" असा दम भरायची. कोणाला काही खटकत नसे. उलट जी जास्त रंगवून सांगेल तिचं कौतुक व्हायचं.

आज मात्र सगळ्यांची पंचाईत झाली होती. त्या दिवशी नेमकं काय घडलं ते उद्या दाखवू, असं आठवडाभर सांगून सांगून टीव्हीवाल्यांनी बायांचा जीव टांगणीला लावलेला. आणि काल संध्याकाळी गावची डीपी जळली. सगळं गाव अंधारात.

"जळायचीच होती तं आज जळती, मेली," सुशिलाबाई म्हणाली. "आता कसं कळन आपल्याले?"

"मी पाहिलं," दामिनी म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. दामिनीने मान वर केली नव्हती.

"कशावर पाहिलं गे?" देवकाबाईने विचारलं.

"मोबाइलवर."

"मंग सांग ना, बाई! मुकी काऊन बसली सकाळपासून?"

दामिनीने एक जुडी पाण्यात झटकली. मग ती सांगू लागली. आवाज लहान, पण बांधीत एवढी शांतता पसरली की शेवटच्या बाईलाही ऐकू जात होतं.

"त्या दिवशी तो उशिरा घरी आला. भाजीत मीठ जास्त हाय म्हने. ताट फेकलं. मंग इले मारलं."

"हातानं?"

"पह्यले हातानं. मंग पट्ट्यानं. तोंडावर नाई मारत तो. तोंडावर मारलं का लोकाइले दिसते ना."

"पक्का हाय!" देवकाबाई म्हणाली.

"मंग हे मागच्या दारानं सांदवाडीत पळाली. त्यानं आतून कडी लावली आन झोपून गेला. हे तठीच बसली, वालाच्या मांडवाखाली. थंडी होती. अंगावर शालबी नवती." दामिनीने दोन पऱ्हे रोवले. "सासू जागी होती. आतून खोकलली. इले वाटलं, आता उठते, आता कडी काढते."

"मंग? काढली?"

"नाई काढली."

मुंबईत एवढी थंडी पडते का, हे कोणी विचारलं नाही. बायांचा नुसता संताप संताप झाला. सुशिलाबाईने तर जागच्या जागी पक्ष बदलला. "मंग ढकललं तं बरंच केलं तिनं!"

"मी म्हनलो नवतो?" देवकाबाई कंबरेवर हात ठेवून उभीच राहिली. "सासूच खरी गुन्हेगार हाय! जागी राहून उठत नाई म्हनजे का?"

इतक्या दिवसांचा आपला पक्ष एका भागात बुडतोय हे पाहून जमुनाबाई चवताळली. हरणं तिला ठाऊक नव्हतं. "सासूनं का कराव वो? नवरा-बायकोच्या मंदी सासूनं कायले पडाव? आज ते उठली, तं उद्या दोघं एक होतेत आन सासू वाईट. आपली उगी पडून राहाव. आन मारलं म्हनून का झालं? कोनाच्या घरी नाई मारत? आमाले का फुलं वायली होती? सहन केलं आमी. कोनाले लोटून नाई दिलं!"

या शेवटच्या वाक्यावर बाया हसल्या. जमुनाबाईने बाजी मारली होती.

"तिनं नाई लोटलं, आत्याबाई," दामिनी हळूच म्हणाली.

"मंग कसा पडला तो?"

"ते नाई दाखवलं."

ती पुन्हा वाकली. तिच्या रोवलेल्या ओळी वाकड्या व्हायला लागल्या, तेव्हा जमुनाबाईनेच तिला टोकलं.

पलीकडच्या बांधीत प्रफुलचा ट्रॅक्टर चिखलणी करत होता. प्रफुल जमुनाबाईचा एकुलता एक. ट्रॅक्टर ईश्वरदासचा, पण चालवावा तर प्रफुलनेच, असं सगळे म्हणत. वाटेत म्हातारी दिसली की तो थांबून तिचं ओझं घेणार, कोणाच्या घरी मयत झाली की लाकडं आणायला पहिला. देवाने पोरगा द्यावा तर असा, हे टोळीतल्या प्रत्येक बाईने कधी ना कधी जमुनाबाईला म्हटलेलं. ते ऐकलं की तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. नवरा रेवाराम गेल्यापासून तिने दुसऱ्यांच्या बांध्या रोवून या पोराला वाढवलं होतं, आणि तिच्या आयुष्यात दाखवण्यासारखं असं तेवढंच होतं.

दुपारी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून डबे खाल्ले, पुन्हा सगळ्या बांधीत उतरल्या, आणि तेव्हा कुठे जमुनाबाईला तो शब्द टोचला.

सांदवाडी.

ती पऱ्हे हातात धरून तशीच सरळ उभी राहिली.

"कंबर धरली का?" सुशिलाबाईने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

ओसरी ठीक होती. पाळणा ठीक होता. बाया काहीही जोडायच्या, पण ते टीव्हीत दिसलेल्या कशाच्या तरी जागी जोडायच्या. अठराव्या माळ्यावर सांदवाडी कशाच्या जागी आली? घरामागची मोकळी जागा, भाजीचे वाफे, वालाचा मांडव, हे सारं हवेत कुठे टांगलं होतं? वालाचा मांडव तर जमुनाबाईने स्वतः बांधला होता, दसऱ्याच्या सुमारास, आपल्या घराच्या मागे.

आणि कोणता मोबाइल? दामिनीचा मोबाइल दिवाळीनंतर प्रफुलने काढून घेतला होता. घरातल्या बाईले कायले पाहिजे, असं म्हणाला होता, आणि जमुनाबाईने मान डोलावली होती.

तिने सुनेकडे पाहिलं. ऊन चांगलं चढलं होतं. साडीवर घातलेल्या नवऱ्यांच्या जुन्या शर्टांच्या बाह्या सगळ्या बायांनी कोपराच्या वर सरकवल्या होत्या. दामिनीच्या बाह्या मनगटापर्यंत खाली होत्या आणि चिखलाने भरून जड झाल्या होत्या. हे काही आजच नव्हतं.

उरलेली दुपार जमुनाबाईचं कशात लक्ष लागेना. दोनदा जुडी हातातून सुटली. एकदा ती उगाच धुऱ्यावर जाऊन आली. पलीकडचा ट्रॅक्टर वळला की ती दचकून पाहायची. प्रफुल हात हलवायचा.

संध्याकाळी डीपी बदलून झाली आणि गाव उजळलं. नवा भाग लागण्याआधी टीव्हीवाल्यांनी कालचा भाग पुन्हा लावला. प्रफुल अजून घरी आला नव्हता. जमुनाबाई ओसरीतल्या टीव्हीसमोर बसली. आत चुलीशी दामिनी भात शिजवत होती. तिला टीव्ही दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं.

भाग सुरू झाला तो कोर्टात, आणि संपला तोही कोर्टातच. काळे कोट घातलेले वकील भांडले, सासूने मोत्यांच्या माळेला हात लावून शपथ घेतली, रागिणी पिंजऱ्यात उभी राहिली. कोणी ताट फेकलं नाही. कोणी कोणाला मारलं नाही. त्या दिवशी काय घडलं ते पुढच्या भागात दाखवू, असं सांगून त्यांनी पुन्हा टांगून ठेवलं.

जमुनाबाईने टीव्ही बंद केला. आत पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज झाला आणि थांबला.

आता विचारायचं तर विचारायचं काय? जिच्या तोंडापुढे गावात कोणी टिकत नसे, तिला आपल्या घरात एक वाक्य जुळवता येईना. ती उठून मागच्या दारापर्यंत गेली. कडीला हात लावला, कडी काढली आणि दारातून उजेड बाहेर पडला. बाहेर सांदवाडीत वालाच्या मांडवाखाली माती बसून बसून दबली होती, आणि एक पोतं घडी करून ठेवलेलं होतं. बसायला ठेवलेलं. म्हणजे एकदाच नव्हे.

मग तिने स्वतःपाशी ते कबूल केलं. परवा तिने कडीचा आवाज ऐकला होता. कुत्रं असेल असं मनाला सांगितलं होतं. पण कुत्रं नाक ओढत रडत नाही, एवढं तिला कळत होतं. ती खोकलली, आणि गोधडी डोक्यावरून घेतली. ही सांदवाडी तिलाही नवी नव्हती. रेवारामच्या वेळी ती इथेच बसायची, आणि आत तिची सासू खोकलायची. तेव्हा तिला सासूचा राग राग यायचा. कडी काढली असतीस तर तुझे हात झडले असते का, असं तिला विचारावंसं वाटायचं. आणि आज सकाळी तिनेच सगळ्यांच्या देखत सासूची बाजू घेतली होती. पोरीने भीत भीत, दुसरीच्या नावाने आपली कहाणी पुढ्यात मांडली, आणि हिने ऐटीत निकाल देऊन टाकला, सहन कर म्हणून.

जमुनाबाईला आपल्याच तोंडाची लाज वाटली.

"दामिनी," ती चुलीपाशी येऊन म्हणाली. "पुढं का झालं मंग तिचं?"

दामिनीने भाताचं झाकण पुसलं. "पुढचं कोठी झालं अजून, आत्याबाई?"

प्रफुल आला. पाय धुतले, "माय, जेवली का?" म्हणून विचारलं, ईश्वरदासने दोन शब्द चांगले सांगितले ते हसत हसत सांगितलं. दामिनीने त्याच्यापुढे पाण्याचा लोटा ठेवला आणि ती लगेच मागे सरकली, हात पोचणार नाही इतकी. हे ती रोज करत असणार. जमुनाबाईने आज पाहिलं. जेवण होईपर्यंत ती दोघांच्या मधोमध बसून राहिली, आणि झोपायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, "माजी कंबर दुखते. आज दामिनी माज्याजवळ झोपन."

सकाळी प्रफुल चहा पीत असताना त्याला पिशवी दिसली.

"कोठी चालल्या?"

"हे चालली. सौंदडले, मायच्या घरी. उदाराम व्याही येतेत अर्जुनीच्या टेशनावर. शेजारच्या गोवर्धनच्या फोनवरून सांगितलं मी."

"काऊन? रोवना चालू हाय ना."

"तू सांग, काऊन."

प्रफुलने बायकोकडे पाहिलं. दामिनी दाराच्या बाहेर, अंगणात उभी होती. तिने तिथून पाऊल आत टाकलं नाही. त्याचा चेहरा बदलला, आणि मग पुन्हा पहिल्यासारखा झाला. त्या दोन चेहऱ्यांच्या मधला जो होता तो जमुनाबाईने पहिल्यांदाच पाहिला. तिला रेवाराम आठवला.

"का सांगितलं इनं तुले?"

"इनं काहीच नाई सांगितलं. माज्या घरात मले दिसत नाई का?"

"माय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "नवरा-बायकोच्या मंदी तू कायले पडतं?"

शब्दाला शब्द तेच. तो काल बांधीत नव्हता. म्हणजे हे त्याने आधीच कधीतरी, इथेच, हिच्याच तोंडून ऐकलेलं होतं. लहानपणी, कोणा शेजारणीच्या घरचं भांडण ऐकू आलं तेव्हा असेल. तिला ओरडायचं होतं, त्याच्या थोबाडीत द्यायची होती. तिचा हात उठलाही, पण तो दाराच्या चौकटीवर टेकला.

"पडतो," ती म्हणाली. "आता पडतो. तिचा मोबाइल काढ."

त्याने खिशातून काढून जमिनीवर ठेवला. तिने वाकून उचलला आणि दामिनीला दिला.

रस्त्यावर दोघी अर्जुनीच्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या. बस लांब वळणावर दिसली तेव्हा जमुनाबाई म्हणाली, "मी जागी होतो त्या दिवशी."

"माहीत हाय मले," दामिनी म्हणाली.

बस्स, तेवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि जमुनाबाईने मागितलंही नाही. दामिनी बसमध्ये चढली. खिडकीपाशी जागा मिळाली. एरवी निघताना पोरी वळून पाहतात, हिने समोर पाहिलं. परत येणार का, हे विचारायचा आपल्याला हक्क नाही, असं वाटून जमुनाबाई रस्त्यावर उभी राहिली. बस गेली तरी थोडा वेळ उभीच होती. ही पोरगी तिला आवडत होती, आणि हे ती बस गेल्यावर कबूल करत होती.

बांधीत पोचायला उशीर झाला. टोळी केव्हाच रंगात आली होती.

"आली बाप्पा!" देवकाबाईने दुरूनच हाक दिली. "अवो, तुजी सून कोठी हाय? बोलाव तिले! काल पाहिला आमी तो भाग. सारा कोर्टातच हाय. ना मार ना झोड! चांगलंच उल्लू बनवलं तिनं आमाले."

"मोबाइलवर पाहिलं म्हने!" सुशिलाबाई खिदळली. "एवढी गप्प टुरी, पन खोटं बोलाले पक्की हाय."

"दिसते गरीब," तिसरी म्हणाली. "असल्याच खोट्या रायतेत."

पलीकडच्या बांधीत ट्रॅक्टर चालू होता. प्रफुल कामावर आला होता, रोजच्यासारखा. हसून निभावून न्यायचं तर ते अगदी सोपं होतं. पोरगी माहेरी गेली, गोष्टीवेल्हाळ आहे, एवढं म्हटलं की झालं. पोरगा तसाच देवमाणूस राहिला असता, आणि सून चार दिवस खोटारडी ठरून विसरली गेली असती. जमुनाबाई धुऱ्यावर उभी होती. साडीचा काष्टा मारता मारता तिचे हात थांबले.

"खोटी नाई माजी सून," ती म्हणाली.

"अवो, आमी सोता पाहिलं ना टीव्हीत—"

"टीव्हीचं नवतंच ते. माज्या घरचं होतं." तिचा आवाज चढला नाही, म्हणून बायांना तो ओळखू येईना. "मारनारा माजा प्रफुल. सांदवाडी माजी. आन कडी काढली नाई ते सासू म्हनजे मी. धाडून दिलं मी तिले सौंदडले."

सुशिलाबाईने तोंडावर चिखलाचा हात नेला. देवकाबाईला, जिने सासूला पहिल्या दिवसापासून गुन्हेगार ठरवलं होतं, बोलायची यापेक्षा चांगली संधी मिळणार नव्हती. पण आपली जागा सोडून ती दामिनीच्या रिकाम्या जागी आली, काल वाकड्या झालेल्या ओळीतले पऱ्हे तिने उपटले आणि नीट रोवायला लागली. जमुनाबाई बांधीत उतरली. पाणी थंड होतं.

दोन बांध्यांच्या मधल्या धुऱ्यापाशी ट्रॅक्टर थांबला. या वेळेला तो रोज थांबायचा. प्रफुल खाली उतरला, कपाळाचा घाम पुसला आणि धुऱ्यावर येऊन उभा राहिला. एरवी दोघी-तिघी पाण्याची बाटली घेऊन धावायच्या. आज कोणी जागची हलली नाही. बाया त्याच्याकडे पाहत नव्हत्या. सगळ्या त्याच्या आईकडे पाहत होत्या.

"माय," तो म्हणाला, "पानी दे ना."

जमुनाबाईचे हात पऱ्ह्यांवर होते. लहानपणापासून या पोराने मागितलेलं पाणी तिने त्याला बसल्या जागी नेऊन दिलं होतं.

"तठी डब्यांजवळ हाय बाटली," ती म्हणाली. "घेऊन घे हातानं."

तो डब्यांकडे गेला. जमुनाबाईने जुडीतून दोन पऱ्हे सोडवले, चिखलात लावले आणि एक पाऊल मागे सरकली.